झोम्बाचा डोंगर कुठल्या हाताला

कार्डिफला जायची कल्पना माझी नव्हती, आईची होती.

मी तेव्हा मेडनहेडला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. येऊन वर्ष होत आलं होतं, पण ऑफिस, स्टेशन, सुपरमार्केट आणि थेम्सचा काठ यापलीकडे मी फारसं काही पाहिलं नव्हतं. कुणाकडे राहायला जायचं म्हटलं की मी न जाण्याची कारणं शोधते. आईला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तिने पुण्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आधी पार्सल पाठवलं आणि मग फोन केला. पार्सलमध्ये कुळथाचं पीठ, मेतकूट आणि गोडा मसाला. ते कार्डिफला सुधाआत्यांकडे पोचवायचं. सुधाआत्या म्हणजे आईच्या शाळेतल्या मैत्रिणीची आत्या. मी त्यांना एकदा, दहावीत असताना, कुणाच्या तरी लग्नात नमस्कार केला होता, एवढीच ओळख.

"पोस्टाने पाठवते ना," मी म्हटलं.

"पोस्टात पिशवी फुटते. आणि बँक हॉलिडेच्या तीन दिवसांच्या सुट्टीत तू खोलीत बसून काय करणार आहेस?"

खोलीत बसणार होते, हेच खरं उत्तर होतं. पण ते आईला देता येत नाही.

शनिवार

रेडिंगला गाडी बदलली की पुढचा रस्ता सोपा. सेव्हर्न नदीच्या खालून बोगदा आहे. गाडी त्यात शिरली की कानात दडे बसतात आणि बाहेर आली की पाट्या दोन भाषांत दिसू लागतात. मी उत्सुकतेने सगळ्या वाचल्या. वेल्श अक्षरं इंग्रजीचीच, पण उच्चार भलतेच. रस्त्यावर 'स्लो'च्या वर पांढऱ्या रंगात 'अराफ' रंगवलेलं होतं. मला वाटलं, एखाद्या गल्लीचं नाव असावं. पुढच्या वळणावरही तेच, त्याच्या पुढेही तेच. हळू चालवा, एवढाच त्याचा अर्थ, आणि म्हणायचं 'अराव्ह', हे मला नंतर कळलं.

आत्यांचं घर रोथ भागात. बसमधून एक स्टॉप आधी उतरले आणि एकसारख्या लाल विटांच्या घरांत हरवले. शेवटी फोन केला.

"तुला चर्चचा मनोरा दिसतोय का?" आत्यांनी विचारलं.

"हो."

"तो उजव्या हाताला ठेव आणि चालत राहा. चिप्सचं दुकान आलं की डाव्या हाताला वळ. मग आमची निळी दारं. दोन आहेत निळी, आपलं फिकट निळं."

रस्त्यांची नावं त्यांनी घेतलीच नाहीत. तरी मी थेट दारात पोचले.

सुधाआत्या सत्तरीच्या पुढच्या, बारीक, केस पुरुषांसारखे आखूड कापलेले. सलवार-कमीज आणि वर जाड कार्डिगन. पार्सल उघडून कुळथाच्या पिठाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "आज न्सिमा करू."

न्सिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आफ्रिकेत न्यासालँडला, म्हणजे आजच्या मलावीत, तेच रोजचं अन्न. आत्यांचे वडील रत्नागिरीहून तिथे पोस्टात कारकून म्हणून गेले होते. झोम्बा नावाच्या डोंगरापायथ्याच्या गावात आत्यांचा जन्म झाला, तिथेच त्या वाढल्या, लग्न होऊन शेजारच्या गावात गेल्या आणि देश स्वतंत्र झाल्यावर नवऱ्याबरोबर कार्डिफला आल्या. न्सिमाचा गोळा हातात वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात कुळथाचं पिठलं घ्यायचं. चव मोदकाच्या उकडीच्या जवळची, पण जास्त रांगडी. मी तसं म्हटलं.

"मोदकाची उकड लाजरी असते," आत्या म्हणाल्या. "तुझ्यासारखी, केतकी. ही नाही."

मी हसले. मग त्यांनी आईची चौकशी केली. जेवण संपताना पुन्हा केली. भांडी पुसताना आणखी एकदा, त्याच शब्दांत. मी प्रत्येक वेळी आई बरी आहे असं सांगितलं. कचऱ्याची पिशवी ठेवायला मागच्या अंगणात गेले, तर डब्याच्या आड विजेची किटली दिसली. तिचं प्लॅस्टिकचं बूड वितळून लोंबत होतं. कुणीतरी ती गॅसवर ठेवली होती आणि मग लपवली होती. मी पिशवी ठेवली आणि आत आले.

दुपारी रवीदादा आला, आत्यांचा मुलगा. चार-साडेचार वर्षांचा असताना आईबरोबर इकडे आलेला, आता पंचेचाळिशीच्या पुढचा, लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढतो. मी 'काका' म्हणाले तर म्हणाला, "प्लीज, काका नको, आय फील एन्शंट." म्हणून दादा. त्याचं मराठी चांगलं चालतं, फक्त लिंग कधीकधी घसरतं.

"आई, नवा किटली कुठून आला?" त्याने आत येताच विचारलं.

"आला," आत्या म्हणाल्या. "तू चहा घेणार की चौकशी करणार?"

रविवार

सकाळी आम्ही जवळच्या एका चॅपेलच्या हॉलमध्ये गेलो. जाण्याचं कारण रवीदादाने कारमध्ये सांगितलं. आत्या पुढे बसल्या होत्या आणि खिडकीतून बाहेर बघत होत्या.

या चॅपेलचे एक पाद्री सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी न्यासालँडला मिशनवर होते. त्यांनी तिथे फोटो काढले, काढवून घेतले आणि त्यांच्या काचेच्या स्लाइड्स करून घेतल्या. सुट्टीवर घरी आले की इथल्या लोकांना जमवायचे, दिव्यापुढे काचा धरून भिंतीवर चित्रं दाखवायचे आणि मिशनसाठी वर्गणी गोळा करायचे. त्या काचांची पेटी माळ्यावर सापडली होती. ग्विन नावाचे एक निवृत्त भूगोलशिक्षक हौसेने त्या स्कॅन करत होते. त्यांना शेजारच्या गल्लीतल्या सुधाआत्या झोम्बाच्या आहेत हे माहीत होतं. म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी आत्यांना एक चित्र दाखवलं होतं.

"त्यात आजी आहे," रवीदादा म्हणाला. "माझी आजी. आमच्याकडे तिची लग्नातली एक फोटो आहे, सेम फेस. आणि झोम्बात महाराष्ट्रीयन फॅमिली एकच होता. पण आई म्हणते—"

"आई इथे बसलीय," आत्या म्हणाल्या. "आईला विचार."

हॉलमध्ये मोठे केलेले फोटो बोर्डांवर लावले होते. मी एकेक नीट पाहत गेले. अशी चित्रं मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. नदीत बायबल घेऊन उभे असलेले लोक. डोक्यावर पेट्या घेतलेल्या हमालांची लांब रांग आणि त्यांच्या शेवटी पालखीसारख्या खुर्चीत बसलेला एक गोरा. पांढऱ्या सदऱ्यांतली शाळेची मुलं, एकही हसत नाही. खालच्या कार्डांवर साहेबांची नावं होती. बाकीच्यांच्या नशिबी 'हमाल', 'विद्यार्थी', 'स्वयंपाकी', 'एक स्त्री'. आमच्या सोसायटीतल्या जुन्या अल्बममध्येही गड्यांच्या चेहऱ्याखाली कधी नाव नसायचं, ते आठवलं.

"प्लीज, वेल्श केक घ्या," ग्विन म्हणाले. तव्यावर भाजलेली, बेदाणे घातलेली जाड चकती. आपल्या शंकरपाळ्याची मऊ मावशी म्हणता येईल. मी मराठी शाळेत शिकले का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, इंग्रजी शाळेत, तिथे मराठी बोललं तर डायरीत शेरा यायचा. "माझ्या आजीला वेल्श बोलली म्हणून छडी मिळायची," ते म्हणाले. "छडीवरून शेऱ्यावर, म्हणजे प्रगतीच म्हणायची." आम्ही दोघं बशीत बघून हसलो.

मग आम्ही त्या फोटोसमोर आलो.

लाकडी पुलाचा कठडा पुढे. त्यामागे पत्र्याच्या छपराचं घर, व्हरांडा, पायऱ्या. उजवीकडे आभाळभर डोंगर. पायऱ्यांवर नऊवारीतली एक तरुण बाई, काष्टा स्पष्ट दिसणारा. तिच्या बाजूला चौदा-पंधरा वर्षांची एक आफ्रिकन मुलगी, पाठीला कापडात बांधलेलं बाळ, त्याचं फक्त डोकं दिसत होतं. कडेला हॅट हातात घेतलेले पाद्री. खाली कार्ड: 'गुजराती व्यापाऱ्याची पत्नी व तिची नोकर, झोम्बा'.

"आई," रवीदादा हळू आवाजात म्हणाला, "प्लीज, पुन्हा एकदा बघ. ही आजी आहे ना?"

आत्या जवळ गेल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"तोंड आईसारखं आहे," त्या म्हणाल्या. "पण ही आई नाही."

"म्हणजे काय?"

"मला नाही सांगता येत. घर आमच्यासारखं आहे, पण आमचं नाही. डोंगरसुद्धा तोच वाटतो आणि नाही वाटत." मग त्यांचा आवाज चढला. "तू मला दर वेळी इथे आणून उभं का करतोस? मी नाही म्हटलं ना."

ग्विन केकची ताटली घेऊन लांब सरकले. रवीदादाने माझ्याकडे पाहिलं, जणू काही सिद्ध झालं होतं.

मी फोटो बघत राहिले. मला त्यातलं काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

दुपारी पाऊस नव्हता, म्हणून पेनार्थला गेलो. तिथे समुद्रात गेलेला लाकडी धक्का आहे. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. समुद्र इतका दूर गेला होता की धक्क्याखाली नुसता चहाच्या रंगाचा चिखल. रत्नागिरीची माणसं असल्या पाण्याला समुद्र म्हणायला तयार होणार नाहीत, पण इथले लोक त्याच्याकडे तोंड करून, अंगात जाकिटं घालून आइस्क्रीम खात होते. आत्याही खात होत्या. त्या बाकावर बसल्या आणि रवीदादा मला चार पावलं पुढे घेऊन गेला.

"मंगळवारी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट आहे," तो म्हणाला. "मी लीड्सला घरात खाली एक रूम करून ठेवलाय. आईला न्यायचं आहे, हे घर विकून. ती नाही म्हणते. किटलीचं मला माहीत आहे, मी काही बोललो नाही. किटली कुणीही विसरेल. पण स्वतःचा आई? चेहरा तोच आहे पण माणूस ती नाही, असं म्हणणारे पेशंट मी वॉर्डांत पाहिलेत. आता तू पण ऐकलंस."

मी मान डोलावली. मागून आत्यांनी त्याला हाक मारली, "तिकडे माझी किंमत ठरली असेल तर आता निघायचं का?"

घरी परतल्यावर आत्या टीव्ही बघत बसल्या आणि मी माझ्या खोलीत ओढणीची घडी घालत उभी होते. ती खांद्यावर टाकली आणि तेव्हा कळलं मला काय खुपत होतं. शाळेच्या गॅदरिंगला आमचं कोळीनृत्य होतं. मिस एकेकीचा पदर ओढून डाव्या खांद्यावर आपटायच्या, इतक्या जोरात की पिन टोचायची. फोटोतल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावरून मागे गेला होता. गुजराती पद्धतीत पदर उजवीकडे असतो, पण तो मागून पुढे येतो. हा पुढून मागे गेलेला. आणि खाली काष्टा. अशी साडी कुणीच नेसत नाही.

टेस्टिंगमध्ये चुका शोधायचा पगार मिळतो. पण त्या लोकांच्या तोंडावर सांगायच्या नसतात, सिस्टीममध्ये नोंदवायच्या असतात. मी ती संध्याकाळ काहीच बोलले नाही. माझा अंदाज चुकला असता तर आत्यांना पुन्हा त्या बोर्डासमोर उभं राहावं लागलं असतं, आणि या खेपेला माझ्यामुळे.

सोमवार

न्याहारीला मेतकूट-भात होता. रवीदादा क्लिनिकचे कागद लावत होता. आत्या त्याच्याशी बोलत नव्हत्या.

"दादा," मी म्हटलं, "हॉल आज उघडा असेल का? मला ती काच बघायची आहे. कागदावरचा फोटो नाही, मूळ काच."

"का?"

"मला वाटतं... ती उलटी असेल. नक्की नाही. फक्त वाटतं."

आत्यांचा घास हातातच थांबला. "चला," त्या म्हणाल्या आणि भात तसाच टाकून कार्डिगन शोधायला उठल्या.

ग्विनना मी काय म्हणते ते नीट सांगता येईना. माझं इंग्रजी अशा वेळी शाळेतल्यासारखं होतं, व्याकरण बरोबर आणि आवाज नाही. त्यांनी 'आत्ता, एका मिनिटात' असं म्हणून बराच वेळ लावला. कार्डिफमध्ये त्याचा अर्थ 'केव्हातरी', हे रवीदादाने मला समजावलं. मग ते पेटी घेऊन आले. काचेच्या दोन चौकोनी तुकड्यांमध्ये चित्र, कडेने काळी कागदी पट्टी. दोन्ही बाजू गुळगुळीत, हाताला काही कळत नाही.

"कुठली बाजू वर ठेवायची, हे कसं ठरवता?" मी विचारलं.

"लेबलची बाजू वर," ते म्हणाले. "सगळ्यांवर लेबल पुढे आहे."

"आणि यावर कुणी लेबल मागे चिकटवलं असेल तर?"

ते काच घेऊन खिडकीशी गेले. मी पाद्रीसाहेबांच्या कोटाकडे बोट दाखवलं. "पुरुषांच्या कोटाची कुठली बाजू वर येते?"

ग्विननी स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. रवीदादाने आपल्या शर्टाकडे. डावी बाजू वर. फोटोत उजवी वर होती, आणि छातीचा रुमालही उजव्या खिशात. पदराबद्दल मी त्यानंतर सांगितलं, आधी आत्यांना मराठीत.

"अगं बाई," आत्या एवढंच म्हणाल्या.

ग्विननी काच फिरवली आणि उजेडात धरली.

डोंगर डावीकडे आला. पायऱ्या दुसऱ्या बाजूला गेल्या. आत्या पुढे झाल्या आणि त्यांनी काचेला हात न लावता, बोट थोडं दूर ठेवून, तिच्यावरून फिरवलं.

"पुलावर उभं राहिलं की डोंगर डाव्या हाताला," त्या म्हणाल्या. "हे पोस्टाचं क्वार्टर. हे आमचं. ही खिडकी स्वयंपाकघराची. ही आई." मग त्यांनी रवीदादाकडे पाहिलं. "ही आई रे. हिचा भांग वाकडा पडायचा, बघ, या बाजूला."

रवीदादा खिडकीच्या कट्ट्याला टेकला होता. "आमच्याकडे जुन्या फिल्म येतात, डावी-उजवीचा मार्कर नसलेल्या," तो म्हणाला. "हार्ट उजवीकडे दिसलं, की आम्ही पेशंटला काही म्हणत नाही. आधी फिल्म उलटी लावली का ते चेक करतो. फर्स्ट इयरला शिकवतात." तो आत्यांकडे वळला. "सॉरी, आई."

"उद्या क्लिनिकला येते मी," आत्या म्हणाल्या. "किटली मीच जाळली. केतकीच्या आईचं मी दहादा विचारलं असेन, पोरगी बोलत नाही, पण तिचं तोंड सांगतं. ते सगळं डॉक्टरला सांग. पण लीड्सचं या फोटोवरून ठरवू नकोस."

"नाही ठरवत. घर राहू दे. मी दर आठवड्याला येईन, मग बघू."

"दर आठवड्याला नको. मला माझी कामं असतात."

ग्विन फार ओशाळले होते. लॅपटॉपवर चित्र फिरवून त्यांनी नवं कार्ड घेतलं आणि पेन उघडलं. व्यापाऱ्याची पत्नी नव्हे, हे त्यांना सांगितलं. आत्यांनी आईचं नाव सांगितलं, दुर्गा. मी स्पेलिंग दिलं.

"आणि ही नोकर मुलगी?"

"एस्नाथ," आत्या लगेच म्हणाल्या. "तिच्या पाठीवर मी आहे."

आम्ही सगळे पुन्हा वाकलो. त्या एवढ्याशा काळ्या डोक्याकडे आम्ही काल कुणीच नीट पाहिलं नव्हतं.

"एस्नाथचं आडनाव?" ग्विननी विचारलं.

आत्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. रवीदादा सरळ उभा राहिला.

"आठवत नाही का, आई? असू दे."

"आठवायला माहीत असावं लागतं," आत्या म्हणाल्या. "माझ्या लग्नापर्यंत ती आमच्या घरात होती. मला तिने चालायला शिकवलं. तिला गाव असेल, बाप असेल. मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात कुणीच विचारलं नाही. हे विसरणं नाही रे. हे डॉक्टरला सांगू नकोस."

मी ग्विनना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी कार्डावर एस्नाथ लिहिलं आणि पुढे जागा मोकळी सोडली. पलीकडे काही वयस्क मंडळी चहा पीत होती.

रवीदादाने दोन खुर्च्या ओढल्या. एकीवर आईला बसवलं, दुसरीवर स्वतः बसला. माझ्या गाडीला वेळ होता. मी उभीच राहिले.

"माहीत आहे तेवढं सांग," तो म्हणाला. "कशी होती ती?"

"आवाज मोठा होता. मी ओढ्यापलीकडे खेळत असायची आणि ती इथून, या पायरीवरून हाक मारायची." आत्यांनी काचेतल्या पायरीकडे बोट केलं, छाती भरून श्वास घेतला आणि चॅपेलच्या त्या हॉलमध्ये ओरडल्या, "सुधा! ब्वेरा कुनो!"

चहाचे कप थांबले. सगळी डोकी आमच्याकडे वळली. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण मी हलले नाही.

"म्हणजे काय?" रवीदादाने विचारलं.

"इकडे ये. दुसरं काय," आत्या म्हणाल्या. "दिवसभर तेच. आईने कधी नाही एवढ्या हाका मारल्या."